रिपोर्टची वाट किती पाहायची?

'आधी रिपोर्ट, मग औषध' हा नियम शहाणपणाचाच आहे. पण बॉट्युलिझम या आजारात तो पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नीट निर्जंतुक न करता बरणीत बंद केलेल्या अन्नात एक जिवाणू वाढतो आणि विष तयार करतो. हे विष रक्तातून मज्जातंतूंच्या टोकांत शिरते आणि स्नायूंकडे जाणारा निरोप अडवते. पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसते, घास गिळवत नाही, शेवटी श्वास अडतो. आणि माणूस मात्र पूर्ण शुद्धीवर!

यावर प्रतिविष आहे, म्हणजे अँटिटॉक्सिन. पण ते फक्त रक्तात फिरणारे विष पकडते. मज्जातंतूत शिरलेल्या विषापुढे त्याचे काही चालत नाही. लुळे पडलेले अवयव त्याने हलत नाहीत, पुढचे नुकसान तेवढे टळते. गेलेली शक्ती परत यायला आठवडे, कधी महिने लागतात.

अमेरिकेत ओहायो राज्यात १९ एप्रिल २०१५ रोजी एका चर्चमध्ये ७७ जणांची अंगतपंगत झाली. त्यातल्या सॅलडमध्ये घरी बरणीत भरलेले बटाटे होते. २९ जण आजारी पडले. एक बाई इस्पितळात पोचल्यावर थोड्याच वेळात गेल्या. बाकीच्यांसाठी मात्र डॉक्टरांनी लक्षणांवरूनच आजार ओळखला, सरकारी साठ्यातून प्रतिविष मागवले आणि २५ जणांना दिले. ११ जणांच्या घशात श्वासासाठी नळी घालावी लागली, पण मृत्यू तो एकच.

तान्ह्या बाळांनाही हा आजार होतो. (म्हणूनच वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये!) त्यांच्यासाठीचे प्रतिविष वेगळे असते. त्याचा अमेरिकेतला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. इस्पितळात आल्यापासून ३ दिवसांत ते मिळालेली बाळे सरासरी २ आठवड्यांत घरी गेली. ४ ते ७ दिवसांनी मिळालेल्यांना २.९ आठवडे लागले.

मोठ्यांचे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून करतात, त्याची ॲलर्जी येऊ शकते, हे खरे. म्हणून निर्णय डॉक्टरांचाच. पण तपासणीला दिवस लागतात आणि विष तेवढे थांबत नाही. नमुना घ्यावा, अन् प्रतिविष लगेच द्यावे.

आपल्या हाती काय? 'सकाळी बघू' न म्हणणे, आणि काय खाल्ले, केव्हा खाल्ले ते डॉक्टरांना न विचारता सांगणे. बैल गेल्यावर झोपा करून काय उपयोग?