एक हजार पंच्याहत्तर रिप्लाय!

सोमवारी सकाळी इनबॉक्समध्ये साठ-सत्तर अनरीड मेल्स दिसल्या, की पोटात गोळा येतो ना? मग आपला ठरलेला उपाय... तोच मजकूर कॉपी, पेस्ट, सेंड! वेल्समधल्या लानाल्गो नावाच्या चिमुकल्या पॅरिशच्या रेक्टरला, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, ही सोय नव्हती.

लानाल्गो अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावर आहे. 26 ऑक्टोबर 1859 च्या पहाटे इथल्या मॉइल्व्रे गावाजवळ 'रॉयल चार्टर' हे जहाज भयानक वादळात खडकांवर आपटून फुटलं. मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेलं जहाज. ऑस्ट्रेलियात सोनं कमावून घरी परतणारे कितीतरी जण त्यात होते. घर अगदी हाकेच्या अंतरावर आलेलं! जो रॉजर्स हा माल्टाचा खलाशी दोर घेऊन पोहत किनाऱ्याला लागला, गावकरी हातात हात घालून लाटांत उतरले. तरी साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. वाचलेल्या चाळीसेक जणांत एकही बाई नाही, एकही मूल नाही.

पेपरांत सोन्याची चर्चा रंगली. पण रेक्टर स्टीफन रूस ह्यूज यांच्या चर्चमध्ये एकामागून एक मृतदेह येत होते. कपडे, बटणं, अंगावरच्या खुणा... ते सगळं बारकाईने बघत, जपून नोंदवून ठेवत. कारण रोज टपाल यायचं. 'माझा भाऊ त्या जहाजावर होता, तो सापडला का?' अशा अर्थाचं. प्रत्येकाचा माणूस वेगळा, म्हणून प्रत्येकाला उत्तरही वेगळं. वर्षअखेरीला चार्ल्स डिकन्स तिथे गेले. ह्यूज यांनी नातेवाइकांना 1,075 पत्रं लिहिल्याचं त्यांनी नोंदवून ठेवलंय.

या दुर्घटनेनंतर ॲडमिरल फिट्झरॉय यांनी 1861 मध्ये ब्रिटनच्या बंदरांसाठी वादळाचे इशारे सुरू केले. ती व्यवस्था पुढे वाढत गेली. ह्यूज मात्र 1862 मध्येच गेले, पन्नाशीही न गाठता. लानाल्गोच्याच चर्चच्या आवारात, त्या प्रवाशांच्या सोबतीला त्यांची कबर आहे.

सगळ्याच मेल्सना पानभर उत्तर कोण देणार, बॉस? पण एखादी मेल खरंच कुणाची तरी वाट बघत असते. निदान तिला तरी कॉपी-पेस्ट नको!