दोन इंची पाइपावरून

माझ्या भाच्याला ग्राइंडचा नाद लागलाय. इनलाइन स्केट घालून वेगानं यायचं, उडी मारायची, लोखंडी पाइपावर किंवा कट्ट्याच्या कडेवर पाय टाकायचे आणि चाकांचा उपयोग न करता, बुटाच्या तळव्यावर घसरत दुसऱ्या टोकाला जाऊन उतरायचं, असा हा खेळ. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या नायगावात तो करणारं दुसरं कुणी मला तरी माहीत नाही. त्याच्यामुळे मी हे सगळं इतक्या जवळून पाहिलं, की आता त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी बुटाबद्दल सांगायला हवं, कारण पहिला धोका तिथंच आहे. शर्यतीच्या स्केटला ९० ते ११० मिलिमीटरची मोठी चाकं असतात, एकमेकांना जवळजवळ खेटून. तसा बूट पाइपावर आडवा टाकला की चाक पाइपाला धरतं, पाय जागीच अडकतो आणि पोरगं तोंडावर आपटतं. ग्राइंडसाठी लागणारा ॲग्रेसिव्ह स्केट वेगळा असतो. त्याची चाकं ५५ ते ६० मिलिमीटरची आणि चांगली कडक. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकामध्ये मोकळी जागा, आणि त्या जागेत प्लास्टिकचा खाच असलेला ठोकळा. त्याला एच-ब्लॉक म्हणतात. पाइप बसतो तो या खाचेत. शिवाय बुटाच्या तळाला बाहेरच्या अंगानं एक रुंद, गुळगुळीत पट्टी असते, ती सोल प्लेट. ज्या घरात पोरगं जुन्या स्केटवर कठड्यावर चढायला बघतंय, त्या आईवडिलांनी आधी त्याच्या बुटाखाली वाकून पाहावं. खाच नसेल तर त्याला थांबवावं.

हे बूट आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळत नाहीत आणि महागही पडतात. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. २००० सालाच्या सुमारास या खेळातल्या कंपन्यांनी बूट आणि चाकांची पट्टी जोडण्याचं एकच माप स्वीकारलं, त्याला यूएफएस म्हणतात. त्यामुळे एकाचा बूट आणि दुसऱ्याची पट्टी चालते. जुना जोड घेऊन झिजलेला भाग तेवढा बदलता येतो. आणि आतलं बेअरिंग ६०८ नंबरचं असतं. तेच बेअरिंग ड्रिल मशीनसारख्या छोट्या यंत्रांतही असतं, त्यामुळे ते सुट्या भागांच्या दुकानात मागता येतं. आपल्या काळ्या मातीची धूळ बेअरिंगमध्ये गेली की चाक कुरकुरतं, म्हणून ते काढून पुसणं हे भाच्याचं रविवारचं काम झालंय.

खेळ तसा जुना नाही. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये १९८० साली ओल्सन भावांनी रोलरब्लेड ही इनलाइन स्केटची कंपनी सुरू केली ती बर्फ नसताना आइस हॉकीचा सराव करता यावा म्हणून. पुढच्या पिढीनं त्याच चाकांवरून जिन्यांचे कठडे गाठले. १९९५ साली ऱ्होड आयलंडला पहिली एक्स्ट्रीम गेम्स (आताची एक्स गेम्स) झाली तेव्हा त्यात हा प्रकार होता. दहाएक वर्षांनी तो त्या स्पर्धेतून वगळला गेला. टीव्ही गेला, पैसा गेला, तरी पोरांनी पाइप सोडला नाही. मला या खेळाबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

आता शिकण्याचं. भाच्यानं सुरुवात केली ती उभं राहण्यापासून. स्केट घालून वीतभर उंचीच्या पाइपावर नुसतं चढायचं, दोन्ही पाय आडवे, पाइप दोन्ही खाचांत, गुडघे वाकलेले, आणि तसंच थांबायचं. पाय खाचेत नीट बसला की एक बारीक ‘खट्’ आवाज येतो. तो आवाज ओळखता येईपर्यंत त्यानं वेग घेतलाच नाही. मग जागेवरून उडी मारून बसणं, मग हळू चालत येऊन, मग वेगात.

खरी अडचण इथून पुढे. पाय लोखंडाला टेकले की घर्षणानं ते मंदावतात. धड मात्र आधीच्याच वेगानं पुढे जात राहतं. सरळ उभं राहिलं तर माणूस पुढे कोसळतो. म्हणून जायच्या दिशेनं एक पाय जरा लांब टाकायचा, मागचा गुडघा खोल वाकवायचा आणि भार थोडा मागे ठेवायचा. घसरण्यासाठी पाइपाला लावतात ते मेण जास्त झालं तर उलटं होतं: पाय पुढे पळतात आणि पाठ जमिनीला लागते. किती मागे झुकायचं हे रोजच्या मेणावर, उन्हावर, वेगावर ठरतं. पुस्तकातून ते कळत नाही. मांडीला आणि घोट्याला कळतं.

पहिला प्रकार फ्रंटसाइड: उडी मारताना पाइप समोर असतो आणि दोन्ही पाय खाचेत आडवे बसतात. बॅकसाइडमध्ये पाइप पाठीमागे, म्हणजे जिथं पाय टाकायचा ती जागा नीट दिसत नाही. सोल ग्राइंडमध्ये पुढचा पाय खाचेत आडवा आणि मागचा पाय सोल प्लेटवर, पाइपाच्याच दिशेनं सरळ. मकिओमध्ये तर सगळा भार एकाच पायाच्या सोल प्लेटवर आणि दुसरा पाय हवेत. पोरगं सध्या बॅकसाइडपाशी अडलंय. मी विचारलं, पाइप गुळगुळीत नाही का? तर म्हणाला, “मामा, पाइप बरोबर आहे. उडी मारताना मीच घाबरायलोय.” चौदा वर्षांच्या पोरानं स्वतःची भीती इतकी नेमकी सांगावी, हे मला फार मोठं वाटलं.

आणि पडणं. तालमीत वस्ताद डावाआधी पडायला शिकवतो, तसंच इथंही करावं लागतं. हात पुढे टाकला तर मनगट मोडतं, म्हणून गुडघ्याच्या पॅडवर घसरत खाली जायची सवय आधी लावायची. हेल्मेट, मनगटाचे गार्ड, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड यांत आमच्या घरी कसलीच सूट नाही. नडगीलाही पॅड हवंच, कारण पाय चुकला की पाइप नेमका नडगीवर बसतो.

पाइप मिळाला कुठून? कुंटूरच्या साखर कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या ट्रॉल्या आपल्या भागात आहेत, आणि त्यांना वर्षभर डागडुजी लागते. ती करणाऱ्या एका वेल्डिंगच्या दुकानात मी चित्र घेऊन गेलो. दोन इंची गोल पाइप, खाली अँगलचे पाय, हलू नये म्हणून पायांना रुंद पट्ट्या, टोकं बंद करून घासलेली. दुकानदारानं विचारलं, “सर, ह्याच्यावर काय चालवायचंय?” सांगितल्यावर त्यानं वेल्डिंगचा प्रत्येक जोड ग्राइंडरनं पुन्हा घासून बोट फिरवून पाहिला, कारण जोडाचा एवढासा उंचवटाही पाय अडकवतो. ट्रॉलीचा चॅसिस जोडणाऱ्या हातांना हे काम अजिबात अवघड नाही, ही गोष्ट माझ्या मनात तेव्हापासून घर करून आहे. आपल्याकडे रिंक नाही, पार्क नाही, प्रशिक्षक पन्नासेक किलोमीटरवरच्या नांदेडातही शोधावा लागेल. पण लोखंड आणि ते जोडणारा कसबी माणूस गावातच आहे.

शहाबादी फरशीच्या ओट्यावर मात्र हा खेळ करू नये. फरशीची कड उडते, घसरण खरखरीत होते, आणि ओटा कुणाचा तरी असतो. कडेला अँगल बसवलेला स्वतंत्र कट्टा हवा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की लोखंडाला हात लावता येत नाही आणि मेण वितळतं, म्हणून सराव सकाळी लवकरच.

माझी बहीण मात्र वेगळं विचारते: “दादा, ह्याचं काही सर्टिफिकेट मिळतं का?” तिचा प्रश्न मी हलका मानत नाही. शालेय स्पर्धांमधलं स्केटिंग हे मुख्यतः वेगाचं आहे. त्यातून दहावीला वाढीव गुण मिळू शकतात, पुढे क्रीडा आरक्षणही आहे. वेगाच्या स्केटिंगमध्ये २ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेचं कांस्य भारताला मिळालं, त्या चौघांत आपल्या महाराष्ट्राचे सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. पाइपावरच्या घसरणीला असा रस्ता नाही. स्केटिंगच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत हा प्रकार रोलर फ्रीस्टाइल या नावानं आहे, पण ऑलिंपिकमध्ये गेला तो स्केटबोर्ड, २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या खेळांत.

तरीही मी तिला दोन नावं सांगितली. पुण्याची श्रद्धा गायकवाड, सुरक्षारक्षकाची मुलगी, २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचं सुवर्ण घेऊन आली. नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडच्या सृष्टी शर्मानं आडव्या काठ्यांखालून अंग जमिनीलगत ठेवून जाण्याच्या लिम्बो स्केटिंगमध्ये गिनीज विक्रम केला. उमरेड काही महानगर नाही. दोघीही मुली आहेत, हेही मी मुद्दाम सांगितलं, कारण गल्लीतल्या मुली पाइपापाशी येऊन उभ्या राहतात आणि बूट मागायला लाजतात. ब्राझीलच्या फॅबिओला दा सिल्वानं १९९६ साली एक्स गेम्समध्ये रॅम्पवरचं सुवर्ण जिंकलं; पुढे स्त्रियांनाही पुरुषांच्या रॅम्प स्पर्धेत उतरता यावं म्हणून नियम झाला, तो तिच्याच नावानं ओळखला जातो. आमच्या मुलींना निदान बूट मागता यायला हवा.

म्हणून ही जाहीर विनंती. नगरपंचायतीनं, नाहीतर एखाद्या शाळेनं, रहदारीपासून बाजूला, वीस मीटर लांब आणि सहा मीटर रुंद अशी सिमेंटची गुळगुळीत पट्टी द्यावी. आठवड्याचे सगळे दिवस नको, सकाळचे दोन तास पुरेत. त्यावर दोन पाइप, अँगलच्या कडेचा एक बुटका कट्टा, चार मापांचे बूट आणि हेल्मेट एवढं साहित्य लागेल, आणि त्याचा खर्च आम्ही पालक वर्गणीनं उभा करायला तयार आहोत. झाडून घ्यायचं काम पोरं करतील.