तिकडचा शिमगाही बघून या

महाड-पोलादपूरच्या पोरांनी आधी मुंबई बघितली, मग आखात. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून जर्मन भाषेच्या क्लासची चौकशी आपल्याकडच्या घरांतही होऊ लागली आहे. कुणी शिकायला गेलंय, कुणी कामाला. या सगळ्यांना, आणि इकडे राहिलेल्या त्यांच्या आईवडिलांना, एवढंच सांगणं आहे: तिकडे ऐन थंडीत कार्निव्हल भरतो, त्याला जा. मित्रांबरोबर जा, आणि थोडी तयारी करून जा.

जत्रेला जा म्हणून कुणी सांगावं लागतं का? लागतं. जर्मनीत डिसेंबर-जानेवारीत साडेचार-पाचलाच अंधार पडतो. पोर कामावरून येतं, भाताचा कुकर लावतं आणि मोबाईल घेऊन बसतं. इकडे महाशिवरात्र झाली की महाडात वीरेश्वराचा छबिना. विन्हेऱ्याची झोलाई देवी भेटीला आलेली, सासणकाठ्या नाचतायत, खालुबाजा घुमतोय. भाऊ गर्दीतून हात वर करून व्हिडिओ कॉल लावतो. पडद्यावर निम्मं दिसतं, आवाज फाटतो, आणि कॉल संपल्यावर खोली जास्तच खायला उठते. त्याच सुमाराला गाडीने तासाभराच्या अंतरावर अख्खं गाव रस्त्यावर उतरलेलं असतं, याचा मात्र आपल्या पोराला पत्ता नसतो.

ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ असतो. तो लागण्यापूर्वी खाऊन-पिऊन, नाचून घ्यायचं, हा कार्निव्हल. ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो, त्यामुळे आपल्या तिथीसारखी याचीही तारीख दरवर्षी सरकते. २०२६ मध्ये महाशिवरात्र आली १५ फेब्रुवारीला आणि कार्निव्हलचा मुख्य सोमवार, ज्याला ते रोझनमोंटाग म्हणतात, दुसऱ्याच दिवशी.

बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये असाल तर पहिल्यांदा रॉटवाइलला जा. तिथल्या भागात या सणाला फास्नेट म्हणतात. सोमवारी सकाळी बरोबर आठला गावाच्या जुन्या काळ्या वेशीतून सोंगं बाहेर पडतात. लाकडात कोरलेले मुखवटे, काहींच्या अंगावर आडवे-उभे पट्टे आणि त्यांवर घुंगरांचे जड घोस. चालताना नव्हे, उडी मारताना सगळे एकदम वाजतात. फेडराहानेस नावाचं एक सोंग आहे. अंगभर पिसं, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला वासराची शेपटी. काठीवर रेलून हा गडी उंच उडी घेतो आणि खाली येता येता कडेला उभ्या असलेल्या बाईच्या नाकाखालून शेपटी फिरवून जातो. दुसरं एखादं सोंग तुमच्यासमोर थांबून वही उघडतं आणि त्यात लिहिलेल्या गावकऱ्यांच्या वर्षभरातल्या फजित्या वाचून दाखवतं. ज्याची फजिती, त्याने हसून घ्यायचं. कोकणातल्या शिमग्यात संकासुराने अंगावर धावून यायचं आणि पोस्त घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे ज्याने लहानपणी बघितलंय, त्याला इथे काही समजावून सांगावं लागणार नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: मुखवटा ओढून बघू नका, पोशाखाला हात लावू नका. ते पोशाख अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या जपलेले असतात, आणि मुखवट्याआड कोण आहे हे कळू नये यातच त्यांची गंमत आहे.

कोलोन शहरातल्या कार्निव्हलचा प्रकार वेगळा. तिथे बघ्याने साध्या कपड्यांत जाऊच नये. सोंग स्वस्तातलं चालेल, पण कुणाच्या जातीची, वर्णाची टवाळी करणारं नको. तोंडाला काळं फासून तर अजिबात नको. रोझनमोंटागच्या आधीच्या गुरुवारी बायकांचं राज्य असतं, त्या दिवशी गळ्यात टाय दिसला की कात्री चालते, तेव्हा भारी टाय कपाटातच राहू द्या. मिरवणुकीत रथांवरून चॉकलेट-गोळ्या उधळतात. कोलोनमध्ये ‘अलाफ’ ओरडायचं, ड्युसेलडॉर्फमध्ये ‘हेलाउ’. उलटं ओरडलात तर लोक असे बघतात की विचारू नका. मंगळवारी मध्यरात्री गुत्त्यांपुढे नुबेल नावाचा गवताचा बाहुला जाळतात. आठवडाभरात जे काही उधळलं, जी काही लफडी झाली, त्या सगळ्याचं खापर त्याच्या डोक्यावर फोडून सगळे मोकळे! होळीपुढे बोंब मारून मोकळं होणाऱ्या आपल्या माणसाला हा न्याय लगेच पटेल.

आता कुणाबरोबर जायचं. दहा मराठी पोरं मिळून गेलात तर दहाही जण आपसातच बोलणार, सेल्फी काढणार आणि भूक लागली म्हणून लवकर परतणार. दोघं-तिघं आपले घ्या, आणि कामावरचा किंवा वर्गातला निदान एक तरी तिथलाच घ्या. त्याला आधी विचारा. वर्षभर ‘गुटन मॉर्गन’च्या पुढे न गेलेला जर्मन, आपल्या गावचा कार्निव्हल दाखव म्हटल्यावर किती बोलतो ते बघा.

थंडीला हसू नका. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेल्यावर जी वाजते, तिच्यावरून अंदाज बांधू नका. तिथे दगडी फरसबंदीवर तीन-चार तास एका जागी उभं राहायचं असतं, आणि थंडी पायातून चढते. आत थर्मल, वर लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. सोंगाचा झगा जाकिटावरून चढेल इतका ढगळ घ्या. लोकरी मोजे मावतील असे जाड तळव्याचे बूट हवेत. नुसती जीन्स भिजली की दिवस संपला. मोबाईल आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते. कॅनडात असाल आणि क्यूबेकच्या कार्निव्हलला निघालात, तर वरचं सगळं दुप्पट करा. तिथे पारा उणे वीसवरही जातो.

गर्दीत नेटवर्क जातं, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. परतीची शेवटची गाडी कितीची, ते कागदावर लिहून खिशात टाका. दारू समोर येईल. नको असेल तर सरळ नको म्हणा. सफरचंदाचा रस आणि सोडा तिथे कुठेही मिळतो आणि कुणी कारण विचारत नाही. प्यायलात तर मात्र एकाने शुद्धीत राहायचं, आणि तो एक कोण हे आधी ठरवायचं. सणाच्या नावाखाली कुणा मुलीच्या अंगचटीला जाऊ नये, हे सांगावं लागू नये, तरी सांगतो. कुणाला त्रास होताना दिसला तर तातडीचा क्रमांक ११२.

आईवडिलांनो, पोराचा विदूषकाच्या टोपीतला फोटो आला की ‘शिकायला पाठवलं की थेर करायला?’ असं लिहू नका. शिमग्यात तुम्ही काय काय केलंत ते वाडीतल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतं. त्याने काय खाल्लं, कोण भेटलं, त्या गावात काय बघितलं ते विचारा. छबिन्याचा व्हिडिओ हवा तर दुसऱ्या दिवशी पाठवा.

२०२७ मध्ये रोझनमोंटाग ८ फेब्रुवारीला आहे आणि महाशिवरात्र ६ मार्चला. मध्ये जवळजवळ महिना मिळतो, म्हणजे रजा साठवली असेल तर रॉटवाइल बघून छबिन्याला महाडात पोचता येईल. कार्निव्हलच्या दिवसांत हॉटेलं फार आधी भरतात आणि फेब्रुवारीतल्या रजेवर तिथल्या सगळ्यांचाच डोळा असतो. अर्ज वेळेत टाका.