दिंडीच्या ट्रकातली नळी

संत तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते आणि आठवडा उलटला की उंडवडी गवळ्याची इथला मुक्काम आटोपून बारामतीत येते. पुढे काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. मग नीरा ओलांडून सोलापूर जिल्हा. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण आणि बेलवाडीचे गोल रिंगण पाहायला लांबून माणसे येतात. गॅस जोडणीच्या आपल्या धंद्यातल्या माणसाने त्या दिवशी दिंड्यांचे ट्रकही पाहायला हवेत. वारकरी चालत असतात तेव्हा हे ट्रक पुढच्या तळावर पोहोचलेले असतात. राहुट्या उतरतात, पाठोपाठ पातेली, शेगड्या आणि गॅसच्या टाक्या उतरतात, आणि शे-दोनशे माणसांचा स्वयंपाक सुरू होतो. पूर्वी या तळांवर रॉकेलचे स्टोव्ह आणि सरपण असे. आता बहुतेक ठिकाणी गॅस आहे, आणि तो पेटवण्यासाठी लागणारा रेग्युलेटर, नळी आणि क्लॅम्प आपण बसवलेले आहेत किंवा आपल्यासारख्याच कुणीतरी.

या अंकाचे संपादकीय त्या नळीवर आहे. मुद्दा एकच: दिंडीची नळी आणि रेग्युलेटर वापरापेक्षा पडून राहण्याने जास्त खराब होतात, म्हणून ते तारखेवर बदलायचे, दिसण्यावर नाही.

दिंडीवाल्यांशी बोलणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकने हे वाक्य ऐकलेले असते: "माउली, पाईप नवाच आहे, वर्षातनं वीस दिवस तर वापरतो." हिशेब सरळ वाटतो आणि नेमका उलटा आहे. घरातली नळी ओट्याखाली एका जागी, सावलीत, गॅसने भरलेली असते. दिंडीची नळी वारी संपली की घडी घालून गोणीत जाते. ती गोणी मंदिराच्या मागच्या खोलीत किंवा कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये अकरा महिने पडते. उन्हाळ्यात पत्रा तापतो. गॅस रबरातले मऊपणा टिकवणारे घटक हळूहळू शोषून घेतो, आणि नळी रिकामी झाली की ते रबर कोरडे पडून ताठर होते. जिथे घडी पडली तिथे रबरावर ताण असतो, आणि हवेतला ओझोन नेमका ताणलेल्या रबराला चिरतो. त्याच गोणीत गुळाचा किंवा तेलाचा वास लागलेले फडके असले तर उंदीरही येतात. पुढच्या ज्येष्ठात ती नळी बाहेर निघते तेव्हा पुसून घेतली की केशरी रंग छान दिसतो. भेगा घडीच्या आतल्या बाजूला असतात. नळी बोटाभोवती वाकवून उजेडात धरल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

तेल कंपन्या तारेची जाळी असलेल्या सुरक्षा नळीला पाच वर्षांचे आयुष्य देतात. ते घरगुती वापराचे आयुष्य आहे. दर संध्याकाळी जोडायची, दर सकाळी काढायची, मधल्या वाटेत ट्रकात हादरे खायची, अशा नळीला आम्ही दोन वर्षांपेक्षा जास्त देणार नाही. हे आमचे मत आहे, कुठल्या नियमात ते सापडणार नाही. पण नळीची किंमत आणि राहुटीत झोपलेली माणसे एकत्र मोजली तर दुसरे मत होणे कठीण आहे. नळीवर आयएस 9573 ही मोहोर आणि बनावटीचा महिना-वर्ष छापलेले असते. मोहोर पुसली गेली असेल आणि तारीख वाचता येत नसेल, तर ती नळी बाद समजावी.

आता रेग्युलेटर. टाकीतला दाब उन्हाळ्यात चौरस सेंटिमीटरला कित्येक किलो असतो. घरगुती शेगडीला तो 30 ग्रॅमच्या आसपास हवा असतो. एवढी उतरण एक रबरी पडदा, एक स्प्रिंग आणि एक छोटी तरफ मिळून करतात. पडद्याच्या वरच्या बाजूला बाहेरची हवा असावी लागते, आणि ती टोपणावरच्या एका बारीक भोकातून आत-बाहेर होते. तळावर हे भोक चिखलाने भरते, कणकेने भरते, कधी रंगाने बुजते. ते बंद झाले की पडद्याला मोकळेपणाने हलता येत नाही आणि दाब आवरेनासा होतो. ज्योत कधी उसळते, कधी मरते, आणि आचारी दोष शेगडीला देतो. पडदा फाटला तर गॅस याच भोकातून बाहेर येतो. इथे काही जण एक भयंकर उपाय करतात: भोकावर एम-सील थापतात. गळती थांबल्यासारखी दिसते आणि रेग्युलेटर रेग्युलेटर राहत नाही. भोकावर साबणाचा फेस लावल्यावर बुडबुडा आला, तर तो रेग्युलेटर खोलायचाही नाही, बुजवायचाही नाही. घरगुती जोडणीचा असेल तर एजन्सीत जमा करून बदलून घ्यायचा, बाजारातून घेतलेला असेल तर निकामी करून भंगारात टाकायचा.

फिरत्या स्वयंपाकघराचे दुसरे उदाहरण पाहा: अमेरिकेत लोक राहत्या गाड्या मोटारीमागे जोडून फिरतात. त्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये प्रोपेनच्या टाक्या पुढच्या दांड्यावर, उघड्या हवेत असतात. शेगडीला मिळणारा दाब आपल्या घरच्याइतकाच, पाण्याच्या 11 इंची स्तंभाएवढा. पण तिथे रेग्युलेटर दोन टप्प्यांचा असतो, त्याचे हवेचे भोक जमिनीकडे तोंड करून बसवतात, आणि रस्त्यावरचा चिखल उडू नये म्हणून त्यावर झाकण असते. टाकी ते रेग्युलेटर या आखूड नळ्या आणि रेग्युलेटर ठरावीक वर्षांनी बदलणे हा ट्रेलर बाळगणाऱ्याच्या नेहमीच्या देखभालीचा भाग समजला जातो. आपल्याकडे दिंडीचा ट्रक हे तसेच फिरते स्वयंपाकघर आहे, पण त्याला कारखान्यातून आलेली कसलीच मांडणी नाही. शेगडी एकाने दिलेली, टाकी दुसऱ्याची, नळी देणगीत आलेली. सामान सगळ्यांचे असते, म्हणून त्याची तारीख कुणाच्याच लक्षात नसते.

मोठ्या भट्टीचा प्रश्न याहून गंभीर आहे. भाताच्या आणि आमटीच्या पातेल्याखाली जी भट्टी लागते तिला हाय प्रेशर रेग्युलेटर असतो. त्याच्या पुढच्या नळीवर घरच्या शेगडीच्या अनेक पट दाब येतो. या जागी घरगुती नळी दिसली की हातातले काम थांबवावे. ती फुगते, नोझलवरून सरकते, आणि क्लॅम्प कितीही आवळला तरी धरत नाही. त्या दाबासाठीच बनवलेली, दोन्ही टोकांना पेचाची जोडणी असलेली नळीच तिथे हवी. दोन तुकडे पितळी सांध्याने जोडून लांब केलेली नळी तर कुठेच चालत नाही, भट्टीलाही नाही आणि शेगडीलाही नाही. शेगडीची नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. जागा पुरत नसेल तर टाकी हलवा.

टाकी कुठे ठेवली आहे हे आपल्या कामात येत नाही असे समजू नका. गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड आहे. ट्रकाच्या हौद्यात, फाळके लावून वर ताडपत्री ओढलेली असेल, तर गळालेला गॅस हौद्याच्या तळाशी साठतो आणि तिथेच राहतो. हवेत तो दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की ठिणगी पुरते. उघड्या तळावर वास लवकर विरतो, आणि आषाढाच्या तोंडावर इंदापूरच्या माळावर वारे भन्नाट असते. म्हणून नाकावर विसंबू नये, साबणाचे पाणी लावूनच तपासावे. याच वाऱ्यामुळे दुसरी चूक होते. ज्योत विझू नये म्हणून भट्टीभोवती पत्र्यांचा आडोसा करतात आणि टाकीही आडोशाच्या आत राहते. पत्र्यावरून परतणारी धग थेट टाकीवर आणि नळीवर येते. आडोसा भट्टीला असावा. टाकी बाहेर, उभी आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला असावी.

पातेले मोठे आणि टाकी एक असली की टाकीवर दव, मग बर्फ धरतो, आणि ज्योत मंदावते. घाईत कुणीतरी टाकी आडवी करतो. आडव्या टाकीतून द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. त्या द्रवाचा वायू होताना आकारमान सुमारे अडीचशे पट होते. रेग्युलेटर यासाठी बनवलेलाच नसतो. दोन टाक्या योग्य जोडणीने एकत्र चालवणे हा खरा उपाय आहे, आणि ती जोडणी निघण्याआधी आपण करून द्यायची आहे.

26 ऑगस्ट 2023 रोजी पहाटे मदुराई स्थानकाच्या यार्डात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागली. लखनौहून आलेल्या त्या डब्यात नियम मोडून गॅसची टाकी नेलेली होती आणि चहा करायचे चालले होते. 9 माणसे गेली. यात्रा, बंद जागा आणि आत पेटवलेली शेगडी हे तिन्ही दिंडीच्या ट्रकात पावसाच्या रात्री एकत्र येऊ शकतात. फाळके लावलेल्या हौद्यात शेगडी पेटवू देऊ नका, पाऊस कितीही असो.

बारामती आणि इंदापूरच्या मेकॅनिकांना आमची विशेष विनंती आहे. तुमच्याकडे वेळ दुपारचा असतो. ट्रक दुपारी तळावर येतो, पालखी संध्याकाळी येते आणि दुसऱ्या सकाळी हलते. तुमच्यापैकी कित्येक जण या दिवशी मजुरी घेत नाहीत. ही सेवा मोठी आहे आणि ती तशीच चालू राहावी. पण फुकट द्यायची म्हणून दुकानातली जुनी, काढून ठेवलेली नळी बसवू नका. चिरलेले टोक कापून उरलेली नळी परत बसवणे हेही नको. एक टोक चिरले तर बाकीची नळी त्याच वयाची आहे. आचाऱ्याला "आजचा दिवस चालेल" असे म्हणू नका. सणसरला चाललेली नळी सराटीपर्यंत चालेल याचा भरवसा तुम्हालाही नसतो. नवी नळी मूळ किमतीत द्या, मजुरी सोडा, आणि नळीच्या टोकाला पत्र्याची पट्टी बांधून त्यावर महिना-वर्ष ठोका. पट्टीवर तारीख असली की पुढच्या वर्षी दिंडीच्या गावच्या, अकोल्याच्या किंवा परभणीच्या, मेकॅनिकलाही ती वाचता येईल.

तपासताना टाकीच्या झडपेतली ओ-रिंग विसरू नका. गळती पाईपची आहे असे सांगत येणाऱ्यांपैकी अनेकांची खरी तक्रार त्या लहानशा रबरी कड्याची असते. कडे चिरलेले किंवा नसलेलेच असते, रेग्युलेटर कट्कन बसतो आणि तरी झडपेजवळ फेस येतो. खिशात कडे काढायचा आकडा आणि चार कडी ठेवा. बदलल्यावर रेग्युलेटर लावून, शेगडीचा नॉब बंद ठेवून, फेस आधी झडपेवर, मग भोकावर, मग नळीच्या दोन्ही टोकांवर लावा. गळती थांबत नसेल तर रेग्युलेटर काढून टाकीला टोपण लावा, ती मोकळ्या मैदानात न्या, आणि एजन्सीला किंवा 1906 या मदत क्रमांकावर कळवा.

घरगुती 14.2 किलोची लाल टाकी दिंडीच्या भट्टीला जोडायची नाही, हे दिंडीप्रमुखांना नीट समजावून सांगावे लागते. 19 किलोची निळी टाकी महाग वाटते, पण वर्गणीच्या हिशेबात ती आधीच धरली तर वाटेत ओढाताण होत नाही. परवान्याशिवाय एकूण 100 किलोपर्यंतच गॅस बाळगता येतो. पाच निळ्या टाक्या म्हणजे 95 किलो. सहावी ट्रकात चढवू नये, पुढच्या मुक्कामी रिकामी देऊन भरलेली घ्यावी.

खरे काम मात्र बारामतीच्या आधीचे आहे. दिंडी ज्या गावातून निघते त्या गावच्या एजन्सीने आणि मेकॅनिकने ज्येष्ठ पौर्णिमेच्या आत गोणी उघडायला लावावी, सगळे सामान मोकळ्या जागी जोडून पाहावे, आणि तारीख उलटलेली नळी मालकाच्या समोर मधोमध कापून टाकावी, म्हणजे ती पुन्हा गोणीत जाणार नाही. आषाढी करून दिंडी परतली की नळी धुऊन, कोरडी करून, मोठ्या वेटोळ्यात सावलीत टांगायला सांगावे. रेग्युलेटर पिशवीत, भोक खाली करून ठेवायला सांगावा. एजन्सीचालकांनी हाय प्रेशरच्या नळ्या आणि दुहेरी जोडण्यांची मागणी वैशाखातच नोंदवावी. ज्येष्ठात त्या मिळत नाहीत, आणि मिळत नाहीत म्हणूनच भट्टीला घरगुती नळी लागते.