जड हाताचा हिशेब

काल रात्री झोप येत नव्हती म्हणून गोलोव्किन-कानेलोची पहिली फाइट पुन्हा बघत बसलो. कितव्यांदा ते विचारू नका! निकाल माहीत असूनही शेवटी तेवढाच चिडलो.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: १६ सप्टेंबर २०१७, लास वेगास. कझाकस्तानचा गेनादी गोलोव्किन सतत पुढे चालत येणारा माणूस. घाई नाही, नाचणं नाही. एकेक पाऊल टाकत समोरच्याला दोरांपर्यंत न्यायचं आणि तिथे जड हातांनी कुटायचं. मेक्सिकोचा कानेलो अल्वारेझ मागे सरकत, मधूनच झपकन तीन-चार ठोसे मारून निसटत होता. एका जजने ११५-११३ असा गोलोव्किनला कौल दिला, दुसऱ्याने ११४-११४. आणि तिसऱ्या जज अ‍ॅडलेड बर्ड यांनी ११८-११०, तेही कानेलोला! म्हणजे बारापैकी दहा राउंड त्याचे. मॅच ड्रॉ.

'सगळे विकले गेलेत' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. माझ्या मते गोची हिशेबाच्या पद्धतीतच आहे.

प्रत्येक राउंड स्वतंत्र मोजतात. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९. आता जड हाताच्या बॉक्सरचं काम कसं चालतं बघा. तिसऱ्या राउंडला बरगडीवर बसलेल्या ठोशाचं व्याज त्याला नवव्या राउंडला मिळतं, समोरच्याचे पाय जड झाल्यावर. पण तिसऱ्या राउंडचे मार्क केव्हाच देऊन झालेले असतात! त्यात माणसाचा डोळा चपळाईला भुलतो. १९८७ मध्ये शुगर रे लेनर्डने मार्विन हॅग्लरविरुद्ध हेच ओळखलं होतं: राउंड संपत आला की ठोशांची सरबत्ती, शेवटचं चित्र आपलं. ती फाइट अटीतटीची होती, कुणीही जिंकलं असतं तरी मी वाद घातला नसता. पण तिथेही एका जजचं कार्ड होतं लेनर्ड ११८-११०. तोच आकडा!

'मग कॉम्प्युटर लावा की', असं आमच्या धंद्यातला माणूस लगेच म्हणणार. लावून झालाय राव! १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सवर ढळढळीत अन्याय झाला. त्यानंतर १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये बटणं आली. पाचपैकी तीन जजनी एका सेकंदात बटण दाबलं की एक पॉइंट. आपल्या विजेंदरचं २००८ चं ब्राँझ याच पद्धतीच्या काळातलं. पण साध्या जॅबला एक पॉइंट आणि जबडा हलवणाऱ्या ठोशालाही एकच. जड हाताची माणसं आणखीच गाळात! २०१३ मध्ये ती बटणं गेली.

नुसतं पुढे चालण्याचे मार्क द्या असं मी म्हणत नाहीये. नियमात आक्रमण 'परिणामकारक' हवं असंच म्हटलंय. तोंडावर मार खात पुढे येणं म्हणजे आक्रमण नव्हे. माझं म्हणणं एवढंच, की ठोसा बसल्यावर समोरच्याचं काय झालं ते आधी बघा. मान मागे गेली का? हात खाली आले का? पाय थांबले का? किती बसले ते नंतर मोजा. आणि राउंड अगदीच एकतर्फी असेल तर नॉकडाउनची वाट न बघता १०-८ द्या. नियम आडवा येत नाही, जजचा हात आखडतो.

नाहीतर जॉर्ज फोरमनचा उपाय आहेच. ५ नोव्हेंबर १९९४. वय ४५, चाल बैलगाडीची. नऊ राउंडनंतर तिन्ही कार्डांवर मायकेल मूरर पुढे होता. दहाव्या राउंडला फोरमनचा उजवा हात बसला आणि मूरर आडवा. कार्डं बघायची गरजच उरली नाही.

भारी वाटतं बघायला. पण हळू बॉक्सरला न्याय मिळायला समोरच्याला आडवंच पाडावं लागत असेल, तर ते तीन जज खुर्च्यांवर बसवायचे कशाला?