बोटावरचा आकडा आणि ४५ अंशांचे ऊन

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जाणे ही आता बातमी राहिलेली नाही. त्याच उन्हात चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवर आशाताई रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावतात आणि दिसलेल्या आकड्यावरून रुग्णाला पुढे पाठवायचे की नाही, हे ठरते. बाजारातील अनेक साध्या ऑक्सिमीटरच्या माहितीपत्रकावर मात्र वापराचे तापमान ५ ते ४० अंश असे छापलेले असते. म्हणजे उत्पादक ज्या हवेची हमी देत नाही, त्या हवेत हे यंत्र आपल्याकडे काम करते.

१९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडलेली यामागची कल्पना सोपी आहे. बोटातून तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडायचा. प्राणवायू असलेले आणि नसलेले रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. पलीकडचा सेन्सर उरलेला प्रकाश मोजतो. त्यातला नाडीबरोबर कमी-जास्त होणारा भाग शंभरात एक-दोनच असतो, आणि सगळा हिशोब त्यावर चालतो.

अडचण इथेच आहे. सेन्सरवर प्रकाश पडत नसतानाही त्यातून किंचित वीज वाहत राहते. हाच डार्क करंट. नेहमीच्या सिलिकॉन सेन्सरमध्ये तापमान दहा अंशांनी वाढले की तो साधारण दुप्पट होतो. २५ अंशांच्या खोलीतून ४५ अंशांच्या अंगणात आल्यावर सुमारे चौपट. यंत्र दोन्ही दिवे क्षणभर बंद करून ही वीज मोजते आणि वजा करते. पण तिच्यातील अनियमित चढउतार, म्हणजे रेडिओसारखी खरखर, वजा करता येत नाही. धडधाकट माणसाच्या नाडीपुढे ती नगण्य ठरते. रक्तदाब घसरलेल्या किंवा हातपाय गार पडलेल्या रुग्णाची नाडी मात्र मुळातच क्षीण असते आणि आकड्याची खरी गरज त्यालाच असते.

आता सिलिकॉनऐवजी कार्बनी पदार्थांचे, कापडासारखे वाकणारे सेन्सर येत आहेत. ते छपाईच्या तंत्राने बनवता येतात आणि पट्टीसारखे त्वचेवर चिकटतात. अमेरिकेत बर्कले येथील संशोधकांनी २०१४ मध्ये असा ऑक्सिमीटर करून दाखवला. या पदार्थांत डार्क करंट दोन वाटांनी शिरतो : धातूच्या टोकांतून नको असलेले विद्युतभार आत घुसतात, आणि पदार्थातील दोष व अशुद्धींच्या जागी उष्णतेने नवे भार सुटतात. म्हणून टोकांपाशी भार अडवणारे पातळ थर देणे, पदार्थ अधिक शुद्ध करणे आणि हवा-ओलावा आत जाऊ न देणे, असे उपाय केले जातात. २०२० मध्ये जॉर्जिया टेकच्या गटाने दृश्य प्रकाशात चांगल्या सिलिकॉन सेन्सरच्या तोडीचा, कमी खरखरीचा कार्बनी सेन्सर सादर केला.

प्रगती स्वागतार्ह आहे. पण प्रयोगशाळेतील यश म्हणजे पाड्यावरची खात्री नव्हे. त्याच वर्षी मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवले, की ऑक्सिमीटरवर समाधानकारक आकडा असूनही रक्तात प्राणवायू धोकादायकरीत्या कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होते. हा दोष डार्क करंटचा नव्हे. त्वचेतील रंगद्रव्य प्रकाश शोषते, त्याचा आहे. धडा मात्र तोच : ज्यांच्यासाठी यंत्र वापरायचे, त्यांच्यावर ते पारखले पाहिजे. सातपुड्यातील भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल आढळतो आणि त्या आजारातही ऑक्सिमीटरचा आकडा नेहमी खरा उतरत नाही.

शासनाने २०२१ मध्ये ऑक्सिमीटरच्या विक्रीतील नफ्याला मर्यादा घातली, ते योग्यच झाले. आता किमतीइतकीच पारखही हवी. खरेदीच्या निविदेत ४५ अंश तापमान, सावळी त्वचा आणि क्षीण नाडी या तिन्ही कसोट्यांचा अहवाल सक्तीने मागावा. धुळे व जळगावची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग यांनी मिळून नमुने तपासले, तर त्यासाठी मुंबई-पुण्याकडे पाहावे लागणार नाही.

तोवर काळजी आपल्या हाती आहे. यंत्र उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. मोजताना सावलीत बसावे, नखाचा रंग काढावा, हात स्थिर ठेवावा आणि मिनिटभराने स्थिरावलेला आकडाच धरावा. तो पुन्हा पुन्हा ९४ च्या खाली आला तर डॉक्टरांना दाखवावे. दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा रुग्ण गुंगीत असेल, तर ९८ आकडा पाहूनही थांबू नये. सरळ रुग्णालय गाठावे.