तांबड्या उजेडातील स्फटिक

बाबूराव पेंटरांनी ज्या करवीर नगरीत, म्हणजे कोल्हापुरात, स्वहस्ते कॅमेरा घडविला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, त्या नगरीतील जुन्या मंडळींना तांबड्या दिव्याच्या खोलीचे महत्त्व सांगणे नलगे. कारण त्या काळच्या फितीला तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे, म्हणून ती त्या मंद उजेडात निर्धास्तपणे धुता येई. मात्र ज्या ऱ्होडॉप्सिन नामक प्रथिनाच्या योगे आपणांस सांजवेळी पायवाट दिसते, त्याचे स्फटिकही तशाच तांबड्या उजेडात वाढवावे व हाताळावे लागतात, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. साधा दिवा लागला की प्रथिनाच्या पोटातील, अ जीवनसत्त्वापासून बनलेला वाकडा रेणू क्षणार्धात सरळ होतो, प्रथिनाचा घाट बदलतो आणि महिन्यांची मेहनत वाया जाते.

खडीसाखरेचा खडा दाताखाली कडकडतो; प्रथिनाचा स्फटिक मात्र जवळजवळ निम्मा पाण्याचाच असल्याने सुईचे टोक लागले तरी फुटतो. अणू दाखवील असे भिंग क्ष-किरणांस नसल्यामुळे या नाजूक कणातून किरण पाठवून, पलीकडे उमटणाऱ्या सहस्रावधी ठिपक्यांच्या तीव्रतेवरून गणिताने अणूंच्या जागा ठरवाव्या लागतात. गुरांच्या डोळ्यांतील ऱ्होडॉप्सिनची रचना अशा रीतीने 2000 साली प्रसिद्ध झाली. हृदयाची धडधड आवरणारी कित्येक औषधे ज्या प्रथिनांवर काम करतात ती याच कुळातली, आणि त्या कुळातील उलगडलेली ही पहिली रचना. म्हणून तिचे मोल केवळ नेत्रवैद्यकापुरते नाही.

ऊस पिकविणाऱ्या जिल्ह्यास या विद्येशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. उसाच्या पानात सूर्यप्रकाश पकडण्याचे काम प्रथिनेच करतात, आणि प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या एका जीवाणूतील तशा प्रथिनसमूहाची रचना क्ष-किरणांनी उलगडल्याबद्दल डायझेनहोफर, हूबर व मिशेल यांस 1988 चे नोबेल पारितोषिक मिळाले. शेतातल्या साखरेचा आरंभ तेथेच होतो, हे एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

होळकरांच्या इंदूरात, जेथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरे नांदत आली, तेथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-2’ हे यंत्र आहे. अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन त्याच्या वलयात फिरताना प्रखर क्ष-किरण टाकतात, आणि त्यांतील एक शलाका भाभा अणुसंशोधन केंद्राने खास प्रथिनांच्या स्फटिकांसाठी उभारली आहे. हे यंत्र सरकारी खजिन्यातून उभे राहिले, म्हणजे ते तुमचेआमचेच आहे. माझी शिफारस साधी आहे: 1962 साली स्थापन झालेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठाने व संलग्न महाविद्यालयांनी दरवर्षी काही विद्यार्थी इंदूरला पाठविण्याची कायम तरतूद अंदाजपत्रकात करावी, आणि प्रवासखर्चाच्या मंजुरीसाठी त्या मुलांना दफ्तरोदफ्तरी हिंडवू नये.